अण्णानं भरलेले अकरा दिवस

४ फेब्रुवारी, हुबळी, यार्ड

आज कळलं की माझा अजून एकही दिवस धरलेला नाही. ट्रक कंपनीच्या ऑफिसातल्या मॅडमनी बाँडचा कागद माझ्याकडे फिरवला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. दोन वर्षं मोजायची ती स्वतःच्या ताब्यात गाडी मिळाल्या तारखेपासून. ट्रेनिंगचे दोन महिने त्यात नाहीत. त्यानंतर बसाप्पाच्या शेजारी बसून पुणे-गोवा केले ते दोन महिनेही नाहीत. मी विचारलं, मग हे चार महिने मी काय केलं? म्हणाल्या, "शिकलात." चेष्टा करत नव्हत्या. बाई सरळ आहेत, त्यामुळे भांडताही येत नाही.

बसाप्पाला सांगितलं. वीस वर्षं स्टिअरिंगवर घालवलेला माणूस, पोट धरून हसला. "तम्मा, सही करताना वाचलं न्हाईस व्हय?"

वाचलं होतं. बारावी पास आहे मी. वाडीत इंग्रजी कागद आला की माझ्याकडेच आणतात. लाज वाटते.

७ फेब्रुवारी

काल दिवसभर तोच विचार. सही केली तो दिवस आठवतोय.

फुकट ट्रेनिंग, राहणं-जेवण फुकट, वर हेवी लायसन्स. जोयड्याच्या स्टँडवर कागद चिकटवला होता. बदल्यात दोन वर्षं त्यांचीच गाडी चालवायची. मध्येच सोडली तर ट्रेनिंगचा सगळा खर्च भरायचा, एक लाख चाळीस हजार. दहावी-बारावीचं मार्क्स कार्ड त्यांच्या कपाटात. आणि जामीनदार हवा, पगारी नाहीतर उताऱ्यावर नाव असलेला.

आमची जमीन पणज्याच्या आधीपासून आम्हीच कसतो, पण कागद फारेस्टचा. बाच्या नावावर कोंबडीसुद्धा नाही. म्हणून दाजी. आक्काचा नवरा, रामनगरच्या शाळेत शिपाई. लग्नातला शर्ट घालून आले होते. क्लार्कनं नातं विचारलं तर म्हणाले, "भाऊच लिवा." क्लार्कनं तसंच लिहिलं. बाहेर येऊन मला चहा पाजला, वर म्हणाले, "आता आमच्या घरचा पण एक डायव्हर झाला. मास्तर लोकास्नी सांगतो."

२३ फेब्रुवारी

गाडी मिळाली. दहा चाकी. दिवस पहिला.

समोर काचेवर कॅमेरा आहे, तोंड माझ्याकडे करून बसलेला. जांभई दिली की कुईं करतो. पानपट्टीवर थांबलो की कंपनीच्या मोबाईलवर विचारतो, कारण? सुटताना हिरवं बटण, पोचल्यावर लाल. डिझेल जास्त जळलं तर पगारातून.

तरी खरं सांगायचं तर धारवाड सोडून मोकळ्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊर भरून आला होता. कुणाला सांगू नये इतकं बरं वाटलं.

१५ मार्च

गोव्याचा माल. अळणावर, लोंडा, रामनगर. रामनगरात शाळेच्या अलीकडे हंप आहे, तिथं गाडी चालत्या माणसाइतकी हळू होते. आक्काला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. डबा घेऊन उभी. थांबलो तर मोबाईल कारण विचारणार. म्हणून थांबलो नाही. ती गाडीबरोबर पळत पळत आली आणि खिडकीतून पिशवी आत टाकली. उकडलेली मुडली आणि लाल चटणी. मुडली म्हणजे आमच्याकडचा कंद, यार्डातल्या पोरांना तो बटाटा वाटतो.

ती काहीतरी म्हणाली ते ऐकूच आलं नाही. आरशात बघितलं तर गुडघ्यावर हात ठेवून दम खात उभी होती. दोन मुलींची आई आहे ती. रस्त्यावर पळायला लावली मी तिला.

२१ मार्च

शिगमा संपला. वाडीतून ढोलाचा आवाज फोनवर ऐकवला कुणीतरी. आईनं विचारलं, "एक दिस बी सोडत न्हाईत?" म्हटलं, न्हाई. मग दोघंही गप्प. टेकडीवर चढून फोन करते ती, रेंज तिथंच आहे. एवढं चढून गप्प बसायचं.

९ मे, हुबळी

बा झाडावरून पडला. राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन जाळायला, फांद्या तोडत होता. पासष्टी झाली तरी ऐनाच्या शेंड्यावर चढतो. आमच्या वाडीच्या देवू बुधवंतानं आणि तिघांनी कांबळ्याची झोळी करून बाजारकुणंगच्या रस्त्यापर्यंत आणला. तिथून जोयडा, तिथून दांडेली, तिथल्यांनी हात वर केले. आता हुबळीच्या सरकारी दवाखान्यात. मांडीचं हाड मोडलंय, आत सळी घालायची. यार्डापासून दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटं.

आणि मला उद्या पुण्याचा लोड आहे.

१० मे

सुपरवायझरकडे गेलो. दोन ड्रायव्हर पळून गेलेत, लग्नसराईचा माल पडून आहे, पंधरा दिवस कुणालाच रजा नाही. एक दिवस दिला, आजचा; लोड परवावर ढकलला. न सांगता गेलो तर बाँड मोडला असं धरणार.

बाला बघून आलो. लहान दिसतो खाटेवर. मला म्हणाला, "ड्युटी न्हाई व्हय तुला?"

डॉक्टर कन्नडात भराभर बोलतात आणि कागद इंग्रजीत देतात. रक्त पाहिजे, बाचा गट माझ्याशी जुळतो, बाकी कुणाशी नाही. ऑपरेशन कधी ते रोज बदलतं. आई कोपऱ्यात पदर तोंडात धरून उभी. अण्णा बाहेर आवारात. माझा थोरला भाऊ. रामनगरात टिपर चालवतो दहा वर्षं, हेवी लायसन्सचा आहे, घाटात त्याच्यासारखा हात नाही कुणाचा. पण शाळा चौथीपर्यंत, आणि दवाखान्याचा वास आला की घेरी येते. दोन वेळा आत आला, दोन्ही वेळा त्यालाच धरून बाहेर काढावं लागलं.

११ मे

आज सकाळी अण्णा म्हणाला. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, कारण पुढं काही झालं तर डोकं कुणाचं चाललं हे मला आठवलं पाहिजे.

"तू हितं ऱ्हा. कागद तुलाच कळत्यात, रगात बी तुझंच पायजे. गाडी म्या नेतो."

मी म्हटलं, अरे कंपनी आहे ती.

"मंग? त्यास्नी दिस भरल्याशी काम. दिस घराचा अस्तो, मान्साचा न्हाई. सावडीला बाच्या जागी म्या किती येळा गेलोय, कुणी म्हटलं का हा दिस धरत न्हाई म्हणून?"

सावडीत तसंच आहे आमच्यात. लावणीला ह्या घरानं त्या घरी माणूस द्यायचा, मग त्यांनी आपल्याला. ताप आला तर भाऊ जातो, भाऊ नसला तर वहिनी. दिवस त्या घराच्या नावावर जमा. कोण आलं होतं हे विचारायचीसुद्धा पद्धत नाही.

मला पटलं. हेच लिहायचं आहे. मला भीती वाटली नाही, चोरी वाटली नाही. उलट बरोबर वाटलं. मी सुपरवायझरला सांगितलं नाही ते फक्त त्याला समजावत बसायचा कंटाळा म्हणून.

१२ मे

यार्डातून गाडी मीच काढली. बायपासच्या पंपावर अण्णा उभा होता, खांद्याला पिशवी. माझी टोपी त्याच्या डोक्यावर घातली. हिरवं कुठं, लाल कुठं, शिकवलं. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं त्यानं, "ह्यो काय खातो?" म्हटलं, जांभई देऊ नको म्हणजे झालं. "मला कुठं येत्यात जांभया." चाकांच्या पाया पडला आणि गेला.

गाडी माझ्यापेक्षा मऊ उचलली त्यानं. जरा राग आला.

१५ मे

ऑपरेशन झालं. रक्त दिलं. चार ठिकाणी सह्या केल्या, ह्या वेळी प्रत्येक कागद दोनदा वाचून. डॉक्टर म्हणाला, बा चालायला लागेल, पण वर्षभर शेताचं नाव नको, झाडावर तर आता कधीच नको. बाला शुद्ध आल्यावर पहिलं वाक्य, "राब भाजला का?"

आई बाहेर येऊन रडली. मीही.

१८ मे

अण्णाचा फोन, साताऱ्याजवळून. वडापाव खात होता. "गाडी लोण्यासारकी हाय रं. कुणाच्या बापाची भीती न्हाई, पोलीस बी सलाम ठोकत्यात." कॅमेरा सारखा कुईं करतो का विचारलं. "येकदा बी न्हाई."

२३ मे

अण्णा परत. अकरा दिवस भरले. पंपावर गाडी ताब्यात घेतली. आत झाडून पुसून ठेवलेली, डॅशबोर्डला नारळ. मला सांगत होता, "दुसऱ्या गियरला जरा दमानं, तू धसमुसळा हाईस." मी आज रात्रीच्या लोडला, तो बा-आईला घेऊन वाडीला. दोघा भावांची मिठी वगैरे आमच्यात नाही. त्यानं टोपी परत दिली.

३ जून

बा घरी खाटेवर. आई सांगते, खाटेवरूनच सगळ्यांवर ओरडतो. म्हणजे बरा होतोय.

५ जून

आज यार्डात सगळ्यांसमोर माझं नाव पुकारलं. मे महिन्याचा उत्तम चालक. डिझेल सगळ्यात कमी, ब्रेक सगळ्यात कमी, कुईं शून्य. सुपरवायझरनं पाठ थोपटली, मॅडमनी टाळ्या वाजवल्या, बसाप्पानं शिट्टी. प्रमाणपत्रावर इंग्रजीत माझं नाव.

महिनाभराचा हिशोब त्या यंत्राचा. माझे वीस दिवस जेमतेम होते, मला ठाऊक आहे. वर काढलं ते अण्णाच्या अकरा दिवसांनी. दहा वर्षं टिपर मालकाच्या शिव्या खाल्ल्या त्यानं, शाबास म्हणून कुणी म्हटलं नाही. आज म्हटलं ते मला.

त्याला फोन केला. तो एवढा हसला की टिपर बाजूला घ्यावा लागला म्हणे. "फ्रेम करून बाच्या खाटंवर लाव."

७ जून

ऑफिसच्या बोर्डावर फोटो लावायचा आहे, गाडी चालवतानाचा. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला उभं करायला नको, कॅमेऱ्यातलाच एखादा चांगला काढून घेऊ.

अण्णाचे अकरा दिवस आठवले. तरी मनात म्हटलं, काढतील एखादा माझा. महिन्यात वीस दिवस माझेच आहेत.

९ जून

काढला तो अण्णाचा. सगळ्यात चांगल्या दिवसाचा काढला, म्हणून.

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. अण्णा, माझी टोपी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, हसतोय. "हे कोण?" म्हटलं, माझा भाऊ. खोटं बोलायचं सुचलंच नाही. उलट सगळं सांगितलं, सावडीचं पण. दिवस घराचा असतो हे कन्नडात सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं, ते त्या खोलीत कसं वाटतंय ते.

सुपरवायझर लाल झाला. मॅडम ओरडल्या नाहीत. एकच विचारलं. "रस्त्यात कुणाला काही झालं असतं, तुमच्या भावालाच झालं असतं, तर कागदावर गाडी कोण चालवत होतं?"

  तो कुठंतरी दरीत पडला असता आणि कागदावर मी मेलो असतो.

किल्ली घेतली. १०७ दिवस झाले होते. पुसले.

१३ जून, वाडी

घरी आहे. किती महिन्यांनी आलो, आणि असा.

पत्र आलं, एक मला, एक दाजींना. दोन वाटा. एक, पूर्ण खर्च आणि वर दंड, नाहीतर जामीनदाराच्या पगाराला हात. दुसरी, नवा बाँड, दोन वर्षं, पहिल्यापासून, जामीनदाराच्या नव्या सहीसकट. १५ जुलैपर्यंत. फोनवर मॅडम म्हणाल्या, दुसरी वाट मी भांडून मिळवली, ड्रायव्हर कमी आहेत म्हणून. आभार मानले. काय करणार.

१६ जून

दाजी आले. बाजारकुणंगपासून चालत, चिखलात. आईनं पाणी दिलं, तांब्या तसाच ठेवला. पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं. हेडमास्तरांनी फोडलं, सगळ्यांसमोर वाचलं.

"सही केली ती तुझ्या तोंडाकडं बघून केली. तू कुणाच्या तोंडाकडं बघितलास?"

अण्णा मध्ये पडला, चूक माझी हाय म्हणाला. दाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोरल्या पोरीचं नर्सिंगला नाव घालायचंय यंदा. पगाराला हात लागला तर ते गेलं. एवढं बोलले आणि उठले. मी दारापर्यंत गेलो तर म्हणाले, "येऊ नगंस."

आक्कानं फोन उचलणं बंद केलंय.

२० जून

बसाप्पानं फोनवर फोटो पाठवला. यार्डाच्या गेटवर अण्णाचा चेहरा चिकटवलाय, खाली लिहिलंय, या माणसाला आत सोडू नये. तोच फोटो. हसतोय.

तो फोटो फिरत फिरत रामनगरला टिपर मालकाकडे पोचला. अण्णाला कामावरून काढलं. "भानगड नको," एवढंच कारण. अण्णा घरी येऊन गोठ्यात बसून होता. मी गेलो तर म्हणाला, "फोटू बरा आलाय पर." मला त्याला मारावंसं वाटलं. स्वतःला मारावंसं वाटलं.

२३ जून

अण्णा गोव्याला गेला, काम बघतो म्हणाला. कुठं ते सांगितलं नाही.

काही लिहू नये असं वाटतंय. सकाळी उठावंसं वाटत नाही. बा खाटेवर आणि मी जमिनीवर, दोघं आढ्याकडे बघत. आई दोघांना ओलांडून कामं करते.

२८ जून

कसं लिहू हे. वाडीतली माणसं हुबळीला गेली.

मला कुणी विचारलं नाही. देवू बुधवंत, वाडीत शब्द त्याचा, सत्तर वर्षांचा. त्यानं आमचं सोडून आठही घरं फिरून ठरवलं आणि काल पाच जण पहाटेच निघाले. बसनं जोयडा, दांडेली, हुबळी. कळल्यावर मी दुसऱ्या बसनं मागं. पोचलो तेव्हा ते यार्डाच्या गेटबाहेर उकिडवे बसलेले, कमरेचे कोयते वॉचमननं काढून घेतलेले, वर भिंतीवर अण्णा हसतोय. नारळ, पान-सुपारी पुढ्यात. तीन तास बसले होते.

मॅडम स्वतः बाहेर आल्या. खुर्च्या मागवल्या, कुणी बसलं नाही. चहा मागवला, तो प्याले. देवूनं मांडलं, कन्नडात, सावकाश. पोराचे १०७ दिवस तुम्ही पुसले. ते वाडी भरून देईल. आमची नऊ घरं, घरटी बारा दिवस. एकशे आठ होतात, एक जास्तच. झाडू मारू, माल चढवू, गवत काढू, सांगाल ते. गाडी मात्र आम्हाला येत नाही.

हसलं कोणी नाही. वॉचमनसुद्धा नाही. मॅडमनी नारळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कंपनीत असं चालत नाही, अज्जा."

देवूनं विचारलं, "मग कसं चालतं?"

 मॅडमनी नारळ घेतला, यार्डातल्या देवळीत ठेवायला लावला. कोयते परत दिले.

परतीच्या बसमध्ये देवू खिडकीशी. म्हणाला, "बाई वाईट न्हाई. पर तिच्या मागं कोन हाय त्ये दिसत न्हाई. न्हाईतर त्याच्याशी बोललो अस्तो." मग दांडेलीपर्यंत झोपला. मी त्याच्याकडे बघत होतो. मी बाँड वाचला होता. ह्या माणसानं वाचला नव्हता, आणि हाच एकशे सात दिवसांसाठी गेटवर बसला.

५ जुलै

भाताचा तरवा तयार, लावणी आली. पाऊस बरा आहे. आक्काचा अजून फोन नाही. बाला उभं करून बघितलं, दोन पावलं टाकली आणि ओरडला.

१० जुलै

अण्णाचा फोन. वाळूच्या गाडीवर आहे, बदली ड्रायव्हर म्हणून. "हितं बी कॅमेरा हाय," म्हणाला आणि थांबला. लावणीला येतोस का? "रजा न्हाई."

१२ जुलै

पहिली पाळी आमच्या घराला दिली, बा पडलाय म्हणून. आठ घरांतून आठ माणसं आली, मी आणि आई. एका दिवसात सगळी खाचरं हिरवी. बाला उचलून ओसरीवर बसवलं होतं. तिथून ओरडत होता, रांग वाकडी झाली म्हणून. कितीतरी दिवसांनी मी हसलो.

आता आठ दिवस आमच्या डोक्यावर. आठ घरांना एकेक.

१३ जुलै

देवूच्या शेतात गेलो. एक भरला. सात राहिले. पाठ मोडली. सहा महिने सीटवर बसून शरीर विसरलं सगळं. देवूची सून म्हणाली, "डायव्हर, हितं गियर न्हाई." संध्याकाळी अंग दुखत होतं आणि मन पहिल्यांदा गप्प होतं. उरलेले सात भरून इथंच राहिलो तर? दाजींचा पगार जाईल. नर्सिंगची पोर घरी बसेल. तेवढं सोडलं तर मी आज झोपेन.

१४ जुलै

सकाळी निरोप आला, बाजारकुणंगच्या दुकानात माझ्या नावाचं पाकीट आलंय, कंडक्टरनं ठेवलंय. आज नंदिगड्डेच्या रस्त्याकडच्या घराची पाळी होती. आई म्हणाली, "तू जा, पाकीट आन. म्या जाते लावणीला." पावसाचं इरलं डोक्यावर घेऊन गेली.

पाकीट दाजींचं. नव्या बाँडचा जामिनाचा कागद, पगाराची स्लिप जोडलेली. सही केलीय. बरोबर चिठ्ठी नाही. आक्काचा एक शब्द नाही.

नात्याच्या रकान्यात ह्या वेळी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. बायकोचा भाऊ.

दुकानाच्या बाकावर किती वेळ बसलो ते कळलं नाही. दुकानदारानं विचारलं, काय कुणी गेलं काय.

आई दिवस मावळायच्या आत आली. कमरेत सरळ होईना, दाराला धरून उभी राहिली. साठीची बाई, दिवसभर वाकलेली. मी पाणी दिलं. पाय धुताना म्हणाली, "त्यांनी इचारलं, आज दिस कुणाचा धरायचा? म्या म्हटलं नागेशचा धरा. तुझा येक भरून आले."

मी म्हटलं, आई, दिवस घराचाच असतो, नाव कशाला सांगायचं.

"आसंना. तुझा म्हणून सांगितलं. बरं वाटलं सांगाया."

बा खाटेवरून, "किती ऱ्हायले?"

सहा, आई म्हणाली.

"आन कंपनीचे?"

मी मनात मोजलं. सातशे तीस. सांगितलं. बानं बोटं पुढं केली, दोन-तीन दुमडली आणि हात परत पांघरुणात घेतला.

उद्या पंधरा, कंपनीची शेवटची तारीख. हुबळीची बस जोयड्याहून साडेनऊला. ती धरायची तर वाडीतून सहाला निघायला हवं. उद्या पाळी वरच्या घराची, ते साडेसहाला हाक मारतात. आईनं इरलं वाळत न घालता दाराशीच ठेवलंय, म्हणजे उद्या ती जाणार. मी कागद काढला. दाजींची सही खाली, वर माझी जागा रिकामी. पेन तेवढं हातात आहे, त्यानं हे लिहितोय.